राखीव खेळाडूचे शेत

चामड्यावर चोळलेल्या खोबरेलाचा वास आला की मला अजून डिचोलीचा बसथांबा दिसतो. आईने माझे फुटबॉलचे बूट घरच्या तेलाने इतके माखले होते की शेजारी बांधून दिलेले पोदेराच्या भट्टीतले उंडे पावही तुकतुकीत झाले होते. गोवा राज्य होऊन फार दिवस लोटले नव्हते, आणि मी कलकत्त्यातल्या एका खालच्या गटाच्या महिला संघात खेळायला निघाले होते. बाबांनी ट्रंक टपावर चढवली, हात झटकले आणि म्हणाले, "खेळूंक वता मगो? मागीर थंय बसून रांव नाका."

पुढची नऊ वर्षे मी बहुतेक बसूनच काढली.

दोष आमच्या शेताचा. आमच्या गावी, सर्वणला, भात कापून झाले की तेच आमचे मैदान, आणि ते ओहोळाकडे उतरते. समोरच्याला चेंडू द्यायचा तर तो जरा वर, चढाकडे मारावा लागे. मग तो लाजत-वळत बरोबर पायाशी येई. कलकत्त्याचे मैदान परातीसारखे सपाट. तिथे माझा चेंडू सरळ प्रेक्षकांत जाऊन बसे, आणि त्याच्या पाठोपाठ मी बाकावर. तिथे बुटांना मोहरीचे तेल लावीत. त्या झणझणीत वासात, ओल्या गवताकडे पाहत, मी खेळ शिकले : कुणाचा श्वास आधी तुटतो, कुणाचा खांदा पायाआधी बोलतो.

चतुर्थीला घरी आले की सोप्यावर बाबांचे ठरलेले : "गोंय राज्य जालें, आमचें बाय अजून राखीव!" सगळे हसत. मीही हसे. पण सर्वणला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखेच ट्रंक घेऊन गेलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे शेतातून परतलेल्या माणसाच्या हाती तांब्या देताना एक प्रश्न विचारतात. आई बाबांना विचारी, बाबा गड्यांना विचारीत. मला, अडीच दिवसांचा प्रवास करून आले तरी, "जेवलें?" एवढेच. बसणाऱ्याला कसले कष्ट! मला पदकापेक्षा तो प्रश्न हवा होता.

पुढे बाकावर शिकलेले तेच मी मुलींना शिकवू लागले. राष्ट्रीय महिला संघाची सहायक प्रशिक्षक म्हणून निवड झाली, तेव्हा मी धापा टाकत फोन केला. बाबा म्हणाले, "म्हणजे आतां देशाच्या बाकार."

त्या वर्षी सराव शिबिर फोंड्याला होते. एका सकाळी पाहतो तो मैदानावर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव, आणि जिथे गोल असायचा तिथे जिलबीची कढई. वीस मुली माझ्याकडे पाहत होत्या. मला गोव्यात दुसरे एकच मैदान ठाऊक होते. मिनीबस सर्वणला नेली.

बाबा कोयता घेऊन मेरेवर, शेताच्या बांधावर, उभे होते. "मेर मोडली जाल्यार तुमच्या देशाकच बांदूंक लायतलों!" त्यांनी राष्ट्रीय संघाचे स्वागत केले.

पहिल्या दहा मिनिटांत सहा चेंडू ओहोळात गेले, सातव्याबरोबर गोलरक्षक. "मॅडम, ग्राउंड टेढ़ा है!" आमची कर्णधार ओरडली. "ग्राउंड सीधा है, तू टेढ़ी खड़ी है!" मी ओरडले आणि बूट काढून उतरले. चेंडू चढाकडे कसा सोडायचा, तो वळून येईपर्यंत मान कशी वर ठेवायची, हे वीस जणींना दाखवत मी दुपारभर ते शेत वर-खाली पळाले. कापलेल्या भाताचे सड पायाला टोचत होते. उन्हात तापलेल्या पेंढ्याचा गोड वास येत होता. चेंडू पायातून सुटला की तो कुठे वळणार हे पायालाच कळत होते. घर म्हणजे मला आता तेवढेच वाटते : ज्या उताराला आपले पाऊल सरावले आहे, ती जमीन.

मुली बसमध्ये चढल्या. मेर शाबूत होती; बाबांनी ती टोकापासून टोकापर्यंत चालून तपासली. मग ते खाली उतरले. माझ्या मातीने माखलेल्या, ओरखडलेल्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिले. पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला आणि विचारले,

"दमलें?"