होडी बांधणाऱ्याचं खुराडं

या, अशा पुढे या. एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून माणसाची गोष्ट ऐकायची नसते. आणि कोंबड्यांचं नाव काढल्यावर नाक कशाला मुरडलंत? अंडं खाताना कुणी मुरडत नाही. बसा. तर माझं सांगणं असं, की राजापूरपासून गुहागरपर्यंत सगळा किनारा पालथा घातलात तरी माझ्या चुलतसासऱ्यांइतका हट्टी माणूस मिळायचा नाही, आणि त्यांनी बांधलं तसं खुराडं तर कुठेच बघायला मिळायचं नाही.

चाळीस वर्षं त्यांनी मांडवीला होड्या बांधल्या. आमचं आणि त्यांचं घर एकाच आवारात, मध्ये फक्त एक फणस. हात थकले तेव्हा काम सोडलं, पण डोळे होडीचेच राहिले. कुणी नवं घर बांधलं की हे वास्तुशांतीला जायचे, भिंतीवर टकटक करायचे आणि यजमानाला विचारायचे, "पाण्यात सोडलं तर किती वेळ तरंगेल?" आमचं छप्पर गळलं की भांडी मांडत फिरणाऱ्या मला दारातून सांगायचे, "होडी असती तर एव्हाना बुडाला असतात सगळे." मी एक लाकडी पेटी घेतली, तर माझ्या पाठीमागे तिच्यात घागरभर पाणी ओतून बघितलं. पेटीत माझं लग्नातलं लुगडं होतं. "गळत नाही," एवढं म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं, मांडवीत टीव्ही एखाद्याच घरात असायचा, तेव्हाची ही गोष्ट. काकी गेल्या आणि मागे सात कोंबड्या ठेवून गेल्या. काकी त्यांना बांबूच्या डालग्याखाली झाकायच्या. ते डालगंही मोडलेलं. शिमग्याला त्यांचा मुलगा मुंबईहून आला आणि दोन दिवस घर बघून म्हणाला, "बाबा, कुलूप लावा आणि चला माझ्याबरोबर. तुम्हाला स्वतःचं जेवण बघता येत नाही, आणि या कोंबड्या तर आठ दिवसांत मुंगूस नेईल."

काका ओटीवरून हललेसुद्धा नाहीत. "सात आहेत," म्हणाले. "मे महिन्यात ये आणि मोज. एक कमी भरली तर मुकाट तुझ्याबरोबर येतो. सात भरल्या तर पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

मुलगा गेला आणि दुसऱ्या दिवशी करवत सुरू झाली. आता उन्हाळा तोंडावर आलेला, अंगाची नुसती काहिली, आणि हे बसले पाण्याचा बंदोबस्त करत. चाळीस वर्षं ज्याच्याशी वैर केलं तोच एक शत्रू त्यांना ठाऊक. होड्यांच्या कामातून उरलेल्या फणसाच्या फळ्या एकीला एक अशा भिडवल्या की मधून मुंगी जाणार नाही. फटींत कापूस ठोकला, वर डांबर फासलं. खुराड्याला पुढून होडीसारखं टोक काढलं, समुद्राकडे तोंड करून. मग आळीतल्या सगळ्यांना बोलावून ते खुराडं काठोकाठ पाण्याने भरून दाखवलं. थेंब बाहेर आला नाही. लोकांनी माना डोलावल्या, नारळ फुटला, आम्ही खोबरं खाल्लं. पाणी काढून दोन दिवस सुकवलं आणि तिसऱ्या संध्याकाळी साती कोंबड्या आत घालून दार घट्ट लावलं.

सकाळी दार उघडलं तेव्हा सहा कोंबड्या पंख पसरून, चोची वासून उभ्या होत्या. सातवी, तांबडी, मरून पडली होती.

मला राहवलं नाही. "काका, जिथून पाणी शिरत नाही तिथून वारा तरी कसा शिरणार?"

"सूनबाय," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी भोकं बुजवली. आता म्हातारपणी भोकं पाडू?"

तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी पाठवलेलं ताट घ्यायचे, पण बोलायचे ताटाशी. "आमटीत मीठ कमी आहे म्हणावं." कोंबड्यांनी खुराड्याकडे पाठ फिरवली आणि फणसावर बिऱ्हाड केलं. चौथ्या दिवशी भर दुपारी, सगळी आळी झोपलेली असताना, मला गिरमिटाचा आवाज आला. खिडकीतून बघते तर काकांनी एक भोक पाडलं होतं आणि त्याच्यावर तळवा ठेवून बसले होते, जखमेवर ठेवावा तसा. बराच वेळ बसले. मग दुसरं पाडलं.

एकदा सुरुवात केल्यावर मात्र थांबले नाहीत. दोन्ही लांब बाजूंना शेकडो भोकं, करंगळी जाईल एवढी, ओळीत, सुतात, सापाचं डोकं शिरणार नाही अशी. मग बोट ओलं करून वारा बघितला आणि आम्हा चौघांना हाताशी धरून खुराडं आडवं फिरवलं, म्हणजे समुद्रावरचा वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघावा. खाली जांभ्याचे चार चिरे दिले. छप्पर हातभर उचललं, फटीला जाळी मारली, वर नारळाच्या झापा इतक्या पुढे काढल्या की उन्हाचा कवडसा भिंतीला लागेना. खाली भाताचं तूस. दुपारी ओली गोणपाटं. कोंबड्या एकेक करून उतरल्या आणि आत गेल्या.

तेव्हा मी एक काम केलं. माझ्याकडे एक तांबडी होती, दिसायला त्या मेलेल्या कोंबडीसारखीच. ती गुपचूप त्यांच्यात सोडली. काकांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तूस पसरायला लागले. मला वाटलं, ओळखलं नाही.

मे महिन्यात मुलगा आला. चहासुद्धा न घेता मागच्या दारी गेला आणि मोजल्या. "सात," म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

"सहा," काका म्हणाले. "ती तांबडी सूनबायची. माझी मी मारली, माझ्या शहाणपणाने. पिशवी भरून ठेवलीय."

मी कपाळाला हात लावला. "काका, गप्प राहिला असतात तर?"

"त्याला मोजायला बोलावलं होतं, फसवायला नाही."

मुलगा ऐकतच नव्हता. वाकून भोकांवरून बोट फिरवत होता. लहानपणी होडीच्या फळीत एक खिळा ठोकला म्हणून याच बापाचा मार खाल्लेला माणूस तो. "बाबा, ही तुम्ही पाडलीत?"

"नाही, मुंबईहून माणूस मागवला होता."

तो सरळ उभा राहिला. हात पुसले. "सात आहेत," म्हणाला.

"सहा."

"बाबा, सात. तुम्ही राहा इथेच."

"तुला मोजता येतं की नाही? हरलो मी, चल."

बापाला न्यायला आलेला मुलगा 'तुम्ही जिंकलात' म्हणून भांडतोय, आणि बाप 'हरलो' म्हणून हटून बसलाय. शेवटी मीच ओरडले, "दिलेली कोंबडी मी परत घेत नाही. ती काकांची झाली."

काका माझ्याकडे वळले. "दिलीस?"

"दिली."

"कधी?"

"चैत्रात."

"मग तेव्हाच सांगायचं नाही? पिशवी भरायचे कष्ट वाचले असते."

त्यानंतर नऊ वर्षं राहिले. रोज सकाळी तूस बदलणं, कोपऱ्यात राख टाकणं, मृगाच्या आधी चुना आणि नव्या झापा. वाकता येईना तेव्हा खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्याकडून करून घ्यायचे. "सूनबाय, राख टाकतेयस की रांगोळी घालतेयस?" मला राग यायचा. आता कुणी असं बोलत नाही, तर हात मधेच थांबतो.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर गेले, एका सकाळी. त्या गडबडीत कोंबड्यांचं दार उघडायचं कुणाला सुचलंच नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा मला आठवण झाली आणि मी धावत गेले. एकीलाही काही झालं नव्हतं.

आता माझा मुलगा म्हणतो, आई, एकटी काय करतेस, पुण्याला चल. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, झाडू घेते आणि मागच्या दारी जाते. तुम्ही पुन्हा या ना एकदा. लवकर या, गणपतीची वाट बघू नका. हातात काही आणू नका. आणायचंच असेल तर भाताचं तूस आणा पोतंभर, हल्ली इकडे मिळत नाही.