दौंडच्या स्टेजवरचा फेटा

मी लिहावं असं माझ्याकडं काही आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मीच पहिला. परीक्षेच्या पेपरापलीकडं कधी काही लिहिलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं तर माफ करावं. आमच्या शाळेतल्या नाट्यवर्गाबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

शाळा तळेगाव ढमढेरेच्या जवळ. शनिवारी शाळा सुटली की सर प्रयोगशाळेत वर्ग घ्यायचे. ते तासिकेवर होते, कायम नव्हते. मी नववीत असताना त्यांनी एक एकांकिका बसवली. मुलगा अपघातात गेल्याचं कामगाराला कळलंय आणि घरी येऊन बायकोला ते सांगता येत नाही, अशी ती गोष्ट. कामगार मी. सुरुवातीला मी नुसता ओरडायचो.

"तुझे वडील ड्युटीवरून आल्यावर काय करतात?" सरांनी विचारलं.

"काही न्हाई सर. बूट काढतात."

"मग तेच कर."

वडील रांजणगावच्या एका कंपनीत हेल्पर आहेत. मी घरी त्यांना बघायला लागलो. ते उंबऱ्यावर बसायचे, एक बूट काढायचे आणि दुसऱ्याच्या नाडीला हात लावून तसेच थांबायचे. कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. शनिवारी मी तसाच बसलो, तर वर्ग एकदम गप्प झाला. आपल्यालाही काहीतरी येतं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

दौंडच्या स्पर्धेत नंबर आला तरच पुढच्या वर्षी वर्ग चालू राहील, असं मुख्याध्यापकांनी सरांना सांगितलं होतं. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं.

वडील शिफ्ट बदलून आमच्याबरोबर जीपमधून आले. मांडीवर एक पिशवी होती. आत काय आहे, मी विचारलं नाही.

आमच्या गावाकडं पोरगं स्टेजवर चांगलं काम करत असलं की कुणीतरी मधेच वर चढतं, त्याला फेटा बांधतं, आणि मग खेळ पुढं सुरू होतो. वर चढणारे कायम तेच असायचे, विकास सोसायटीतले, पंचायतीतले. आमच्या वस्तीतला माणूस त्या पायऱ्या चढलेला मी पाहिला नव्हता.

दौंडच्या हॉलमध्ये मी दुसऱ्या बुटाच्या नाडीला हात लावून थांबलो होतो. बायको झालेली मुलगी माझ्याकडं बघत होती. तेवढ्यात वडील वर आले. पिशवीतून त्यांनी फेटा काढला आणि निवांत, एकेक वेढा नीट बसवत माझ्या डोक्याला बांधायला लागले. काहीही झालं तरी भूमिका सोडायची नाही, असं सरांनी शिकवलं होतं. मी हललो नाही. हॉलमध्ये हसू सुरू झालं. वडिलांना ते कौतुक वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, लोकांना नमस्कार केला आणि खाली गेले. आम्ही पुढं सुरू केलं, पण बायकोला सांगायचं वाक्य यायच्या आतच वेळ संपल्याची घंटा झाली आणि स्टेजवरचे दिवे बंद केले.

बाहेर वडील सरांना म्हणाले, "लई भारी काम केलं पोरानं. आता नंबर कवा सांगत्यात?"

"सांगतील," सर म्हणाले. "तुम्ही चहा घ्या."

जीपमध्ये एकानं मला डिवचलं, "नवरदेव, वरात कुठं न्यायची?"

"गप बस की," ती मुलगी म्हणाली.

वडीलही हसले. नंबर आला नाही. तो का आला नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. परीक्षक ओळखीच्यांनाच नंबर देतात, असं ते अजून म्हणतात.

जूनमध्ये सर आले नाहीत. शनिवारी त्या खोलीत स्कॉलरशिपचे जादा तास सुरू झाले. मी अधूनमधून सरांना फोन लावायचो, तो बंदच असायचा.

आता मी शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. नाटक बसवणारं कुणी आणलंत तर गॅदरिंगला एकांकिका करू देऊ, असं यंदा आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं. मला एकच माणूस माहीत होता. जुन्या वर्गातल्या सगळ्यांना मी निरोप पाठवले. बरेच दिवस कुणाकडून काही कळलं नाही.

गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला. शिक्रापूरच्या एका गोडाऊनमध्ये तो लोडिंगला आहे. सर तिथंच पॅकिंगला लागलेत, ठेकेदाराकडं. यानं ओळख दिली, माझा निरोप सांगितला. सरांनी टेप लावत लावत सगळं ऐकून घेतलं. नाटक आता जमणार नाही म्हणाले, आणि पोरांना इकडं भेटायला येऊ देऊ नकोस, एवढं सांगून पुढचा खोका ओढला.