‘अजून सापडली नाही’ हे सांगायला जाणारा माणूस

निकम सर गेले.

सकाळपासून सगळे लिहितायत, ‘शांतपणे गेले.’ मला तसं लिहिता येत नाही. सर घाबरलेले होते. त्यांनीच मला सांगितलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निकम सर पाचगणीतल्या आमच्या हॉटेलचे मॅनेजर. त्याआधी आर्मीत, ऑफिसर्स मेसला. मी कवठे महांकाळहून तिथं ट्रेनी म्हणून गेले तेव्हा मला रिसेप्शनचा फोन उचलायचीसुद्धा भीती वाटायची.

सरांचा कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, एकदा ऐकलेलं गेस्टचं नाव कायम लक्षात. लोक एकदम इम्प्रेस व्हायचे. आम्ही स्टाफवाले मागं हसायचो.

पण एका सवयीचा आम्हाला वैताग होता.

वाईट बातमी सर कधी फोनवर द्यायचे नाहीत. गरम पाणी बंद पडलं तरी स्वतः प्रत्येक रूमच्या दारात जाऊन सांगायचे. शिव्या खायचे आणि पुढच्या दारावर टकटक करायचे.

‘सर, इंटरकॉम आहे की.’

‘हाय की. पण माणसाला बोलायला समोर माणूस लागतोय.’

मग पावसाळ्यातली ती दुपार.

धुकं इतकं, की पोर्चमधून गेट दिसत नव्हतं. पुण्याहून आलेल्या एका फॅमिलीची लहान मुलगी दिसेना. आधी रूममध्ये शोधलं, मग डायनिंग हॉलमध्ये, मग बागेत.

बागेच्या मागं तारेचं कुंपण आणि त्याच्यापलीकडं उतार. खाली थेट दरी.

तार एका ठिकाणी वाकलेली होती.

तिची आई लॉबीत धावत आली, आणि मी पटकन बोलून गेले, ‘सापडेल मॅडम, काळजी करू नका.’

सरांनी मला बाजूला घेतलं.

‘तुला ठाऊक हाय का, सापडंल म्हणून?’

‘नाही सर.’

‘मग बोलू नगंस.’

ते त्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, ‘ताई, मुलगी हॉटेलात नाही. मागची तार वाकलीय. माणसं उतारावर गेलीत, पोलिसांना फोन केलाय. मी सारखा येऊन सांगत राहीन. काही कळलं नाही, तरी येईन.’

आणि ते येत राहिले.

धुक्यातून यायचे, चिखलानं भरलेले. ‘अजून सापडली नाही. ओढ्यापर्यंत बघून झालं.’ परत जायचे. परत यायचे. ‘अजून सापडली नाही.’

एकदा त्या बाईंनी त्यांची कॉलर धरली. किंचाळल्या. सर हलले नाहीत. बाईंचा हात सुटेपर्यंत उभे राहिले, मग परत धुक्यात गेले.

मी काउंटरमागं उभी होते. दर वेळी दारात सरांची आकृती दिसली की मला वाटायचं, आता सांगणार. आता ते सांगणार.

मुलगी सापडली. खाली स्ट्रॉबेरीच्या नर्सरीत काम करणाऱ्या एका मावशींनी तिला शेडमध्ये शेकोटीजवळ बसवून ठेवलं होतं. धुक्यात ही कुणाची पोर, कुठून आली, त्यांना काही समजेना.

सगळं निवल्यावर मी किचनमागच्या खोलीत गेले. सर पाणी पीत होते. ग्लास दातांवर वाजत होता.

‘सर, तुम्ही घाबरला होता?’

‘लय.’

‘मग दर वेळी परत कसं गेलात त्यांच्यासमोर?’

‘घाबरतच.’

पुढं त्या फॅमिलीनं रिव्ह्यू टाकला. रूम, जेवण, व्ह्यू, कशाचाच उल्लेख नाही. एकच वाक्य होतं. ‘इथला मॅनेजर आमच्याशी खोटं बोलला नाही.’

सर रिटायर झाले, लेकीकडं सांगलीत विश्रामबागला राहायला आले. त्यांच्या खुर्चीवर मी बसले.

यंदा त्यांचं पोट दुखायला लागलं. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला पॅसेजमध्येच अडवलं.

‘त्यास्नी अल्सर म्हणून सांगितलंय. तू काय बी बोलू नगंस.’

आत गेले. सर निम्मे झाले होते. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, ‘काय म्हणतोय डॉक्टर?’

‘आलेच सर,’ म्हणून मी बाहेर पळाले.

‘काकू, ते मला विचारतायत. मला त्यांच्यासमोर खोटं बोलता येणार नाही. मी परत जाऊ का घरी?’

काकू भिंतीला टेकल्या.

‘तूच सांग मग,’ म्हणाल्या. ‘माज्यानं व्हायचं न्हाई.’

त्या दारापासून बेडपर्यंतचं अंतर मी आयुष्यात विसरणार नाही.

‘सर, अल्सर नाही. कॅन्सर आहे. पसरलाय. ऑपरेशन होणार नाही म्हणाले.’

सर छताकडं बघत राहिले. मला वाटलं, आपण काय करून बसलो. आता ते रडतील, चिडतील, काकूंना काहीतरी बोलतील.

‘हिला ठाऊक हाय?’

‘हो सर.’

‘कवापास्नं?’

‘पहिल्यापासून.’

त्यांनी काकूंना हाक मारली. त्या पदर तोंडाला लावून दारातच उभ्या राहिल्या.

‘आगं, एवढं दिस एकटीच घाबरत बसलीस व्हय?’

काकूंना हुंदका आवरेना.

‘ये. मला बी लय भ्या वाटतंय. हितं बस.’

काकू बेडच्या कडेला बसल्या. दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. मी हळूच बाहेर आले.

मग सरांनी घरी जायचा हट्ट धरला. काकू फोनवर सांगायच्या, भीती काही जात नाही, पण आता दोघं बोलतो तरी.

हे मी साताऱ्यात, स्टँडवर बसून लिहितेय. सांगलीची गाडी लागलीय. काकूंसमोर गेल्यावर काय बोलायचं, मला माहीत नाही. भीती वाटतेय.

जातेय.

सर, तुम्हाला अगदी मनापासून शेवटचा नमस्कार.