विकून राहिले किती?

त्या उन्हाळ्यात रोज सकाळी मी आठ गणितं स्वतःच्या हातानं लिहून काढत असे. चार नुसती आकड्यांची आणि चार शाब्दिक. दुकानात उन्हाळी सरावाच्या रंगीत वह्या ढिगानं मिळतात, पण त्यांतलं मराठी वाचून माझं डोकं उठायचं. माझी वाक्यं कशी आटोपशीर, एक शब्द जास्तीचा नाही. ‘माळीबुवांनी ९६ हार केले. त्यांतले ५८ विकून राहिले किती?’ असं वाक्य कागदावर उतरलं की मला खरोखर आनंद व्हायचा. पुण्यात बावीस वर्षं मी एका कचेरीत पत्रांचे मसुदे करत होते. माझ्या मसुद्यावर साहेबांची लाल शाई चालत नाही, याचा मला केवढा तोरा होता.

सुरुवातीला मात्र चांगलीच चालली होती. लग्न होऊन अकोल्याहून पुण्याला गेले आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाले, ‘मी फाइल शोधून राहिली.’ सगळी खोली हसली. एकीनं विचारलं, ‘शोधून राहिलीस कुठे? हॉटेलात?’ त्या दिवशी मी कानाला खडा लावला. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘कावून’चं ‘का’ झालं, ‘करून राहिली’चं ‘करते आहे’ झालं. वर्षभरात अशी घासूनपुसून भाषा तयार झाली की माहेरी गेले की वहिनी म्हणायची, ‘बाई, तुमच्याशी बोलाचं म्हनजे बातम्या ऐकल्यावानी वाटते.’ मला ती स्तुती वाटायची.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अमरावतीला आलो आणि राजापेठेत तिसऱ्या मजल्यावर राहू लागलो. आमच्या इमारतीतली तीन मुलं चौथी पास होऊन पाचवीत जाणार होती. त्यांच्या आया मोबाइलला कंटाळल्या होत्या आणि मी रिकामपणाला. तेव्हा ठरलं की मे महिनाभर सकाळी सात ते साडेआठ माझ्या बैठकीत गणिताचा सराव. साडेआठनंतर खिडकीतून झळा यायला लागायच्या आणि कूलरच्या आवाजात कुणाचं काही ऐकू यायचं नाही.

चौथी मुलगी नंतर आली. तिची आई आम्हाला रोज फुलं देणारी बाई. शहराबाहेर त्यांचा मोगऱ्याचा आणि झेंडूचा तुकडा होता. पहाटे तोडून ती सहाच्या ऑटोनं यायची, इमारतींमधून पुड्या द्यायची आणि मग चौकात हार घेऊन बसायची. एके दिवशी पुडी हातात देऊन ती दारातच उभी राहिली.

‘ताई, आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच हाये. इले आता इकडं पाचवीत टाकाव म्हनून राहिलो. सेमीत. रोज मायासंगच येईन, मायासंगच जाईन. पन हिचे बाबा म्हनते, तिले नाई झेपनार, मोर्शीकडं मामाच्या गावी ठेव. तिथं दहावीपर्यंत हाये. तुमी पाहा ना जरा, जमन का इले?’

मागे मुलगी उभी होती. दोन वेण्या, हातात नवी कोरी वही. एकुलती एक. तिला मामाकडे ठेवायचं आईच्या जिवावर आलं होतं, हे सांगायची गरज नव्हती. मी ऐटीत म्हणाले, ‘पाठवा. पंधरा दिवसांत सांगते.’ आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं मला दिवसभर वाटत होतं.

आकड्यांच्या गणितांत ती तिघांना पाणी पाजायची. पाढे तर धडाधडा. भागाकार लिहायच्या आधी ओठ हलायचे आणि उत्तर तयार. पण शाब्दिक गणितं आली की कागद परत घेताना माझी मान हलायची. माळीबुवांच्या हारांचं उत्तर तिनं लिहिलं, ५८. आजोबांनी १२० आंबे आणले, ‘४५ वाटून राहिले किती?’ तिचं उत्तर, ४५. वजाबाकी नाही, रीत नाही, नुसता प्रश्नातलाच आकडा उतरवलेला.

पहिले दोन दिवस मी समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी आवाज चढला. ‘प्रश्न वाचत जा आधी! डोळे मिटून लिहितेस का?’ ती म्हणाली, ‘वाचला मॅडम.’ मी म्हटलं, ‘मोठ्यानं वाच.’ तिनं वाचला, अडखळत, पण बरोबर वाचला. ‘मग कळलं काय?’ तिनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मॅडम, याच्यात तं उत्तर देऊनच ठेवलं हाये. मले समजून नाई राहिलं, तुमी इचारून कावून राहिल्या?’

तिघं खो खो हसली. आणि मला, मला काय वाटलं असेल? उलट उत्तर. मी म्हणाले, ‘पहिल्यांदा नीट बोलायला शीक. मले नाही, मला. कावून नाही, का. मग गणिताचं बघू.’ तिचा चेहरा उतरला. मला तो दिसला, पण आपण तिच्या भल्याचंच करतो आहोत याची मला इतकी खात्री होती की त्या चेहऱ्याचं मी काहीच केलं नाही.

त्यानंतर तिनं एकदाही काही विचारलं नाही. मी तिला दुसऱ्या इयत्तेची उजळणीची वही दिली आणि खिडकीपाशी वेगळं बसवलं. तिथं तिनं मुकाट्यानं पानंच्या पानं सोडवली. पंधरा दिवस झाले तशी फुलं देताना आईनं विचारलं, आणि मी माझ्या त्या स्वच्छ, ठाम भाषेत सांगितलं, ‘पाढे तिनं पाठ केले आहेत, पण समज कमी आहे. सेमी तिला जड जाईल. इथे घालून तिचे हाल करू नका.’

बाईनं मान डोलावली. ‘बरं झालं ताई, खरं सांगितलं,’ म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आली नाही. आठवड्याभरानं कळलं, मामा येऊन घेऊन गेला.

जूनमध्ये मी अकोल्याला भावाकडे गेले. वहिनीचं लोणच्याचं चाललं होतं. माझा भाऊ अंगणात अडकित्ता घेऊन कैऱ्या फोडत बसला होता, आणि मी आतल्या दाराशी फोडी पुसून कापडावर पसरत होते. कुंपणापलीकडच्या शेजारीण काकूंनी वहिनीला हाक मारली.

‘काय करून राहिले वं भाऊ?’

‘कैऱ्या फोडून राहिले.’

‘फोडून राहिले किती?’

‘वीस किलो,’ वहिनी म्हणाली आणि मोहरी पाखडायला लागली.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. वीस किलो फोडून राहिले. अठ्ठावन्न विकून राहिले. माळीबुवा अठ्ठावन्न हार विकून राहिले, तर किती विकून राहिले? अठ्ठावन्न. आजोबा पंचेचाळीस आंबे वाटून राहिले, तर किती? पंचेचाळीस. उत्तर देऊनच ठेवलेलं होतं. ती खरं बोलत होती.

मग मी पुसलेलीच फोड पुन्हा पुन्हा पुसायला लागले. वहिनी म्हणाली, ‘काय झालं वं बाई, ऊन लागलं का?’ मी नुसतं नाही म्हटलं. काय सांगणार होते? ज्या घरात मी अठरा वर्षं जेवून राहिली, झोपून राहिली, भांडून राहिली, त्या घरातलं बोलणं मला एका पोरीच्या तोंडून कळलं नव्हतं. पुण्याच्या साहेबाला कळलं नसतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं.

घरी परतल्यावर पहिलं काम केलं ते तिचे कागद काढायचं. ते मी फेकले नव्हते. एकेक बघत गेले. ‘एकूण किती झाले?’ बरोबर. ‘प्रत्येकाला किती मिळाले?’ बरोबर. एका दिवशी माझ्या हातून ‘उरले किती?’ असं लिहिलं गेलं होतं, तेही बरोबर, रीतीसकट. चुकली होती ती फक्त ‘करून राहिले किती’ अशी गणितं, एकूण नऊ. ‘राहिले’ म्हणजे उरले हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण ‘विकून’च्या मागोमाग आलेलं ‘राहिले’ आमच्याकडे एकाच अर्थाचं. बाकीच्या तिघांचं का चुकलं नाही, हेही मग लक्षात आलं. त्यांनी वाक्य वाचलंच नव्हतं. दोन आकडे दिसले, मोठ्यातून लहान वजा केला, मोकळे झाले. चौघांत प्रश्न वाचणारी ती एकटी होती, आणि मी तिलाच म्हणाले होते, डोळे मिटून लिहितेस का.

लाज वाटली म्हणणं कमी पडेल. मला स्वतःचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी फुलवाली यायच्या आधीच मी दारात उभी होते. तिला आत बसवलं, कागद दाखवले, सगळं सांगितलं. चूक माझी होती, माझ्या लिहिण्यात होती, तुमची मुलगी हुशार आहे, तिला आणा, शाळेत मी स्वतः येते. तिनं कागद चाळले. मग हसून म्हणाली, ‘जाऊ द्या ताई, तुमी मन मोठं करून बोलून राहिल्या. तिले नाई जमत ते. तुमीच पाहिलं ना पंधरा दिवस? आता तिचे बाबाबी म्हनते, बरं झालं मॅडमनं येळेवर सांगितलं.’ मी पुन्हा सांगितलं, मोठ्या आवाजात सांगितलं. ती उठली. ‘तिकडं नाव टाकलं ताई. मामानं गनवेश शिवला. पाहू एखांद वर्ष.’ जाताना तिनं पुडीत रोजच्यापेक्षा जास्त मोगरा घातला, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून.

मी तिच्याकडून मामाच्या गावाचं नाव घेतलं आणि जुलैमधल्या एका रविवारी मोर्शीची बस पकडली. पुढे ऑटो. संत्र्याच्या बागांना लागूनच मामाचं घर होतं. मामीनं पाणी दिलं, मुलीला हाक मारली. ती आली आणि मला बघून दाराच्या आतच थांबली. हातातली वही तिनं पाठीमागे नेली.

मी तिला जवळ बसवलं आणि आठ गणितं दिली. जुनीच, फक्त ‘राहिले’च्या जागी ‘उरले’. आठही बरोबर आली, दहा मिनिटांत. मग मी तिला सांगितलं, अगदी घरच्या बोलीत, ‘बाई, तेव्हा तुयं काहीच चुकलं नव्हतं. मीच येड्यावानी लिहिलं होतं. तू बरोबर वाचून राहिली होती. मले समजलं नाही.’

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. ती विचार करून म्हणाली, ‘मंग हे आईले सांगितलं?’

‘सांगितलं.’

‘मंग आई मले न्यायले कावून नाई आली?’

माझ्याकडे उत्तर होतं. तिच्या आईनं माझं पहिलं बोलणं खरं मानलं होतं आणि दुसरं नाही. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी ‘पुढच्या वर्षी येईल’ असं काहीतरी पुटपुटले. कागदावर ‘सर्व बरोबर’ लिहिलं, खाली सही केली आणि तिला दिला. म्हटलं, ‘आई येईन तेव्हा तिले दाखवजो.’

तिनं कागद वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

‘तुमीच दाखवा मॅडम,’ ती म्हणाली. ‘मी दाखवलं तं तिले वाटन, पाहून लिवलं.’