पुलाजवळ थांबलेलं कासव

मावशी भूल देणारी डॉक्टर. लहान मुलांच्या तोंडावर मास्क धरताना ती एका कासवाची गोष्ट सांगे. कासव पिशवी घेऊन आजोळी निघतं, नदीवरच्या पुलाजवळ पोचतं, आणि तेवढ्यात मूल झोपी जातं. तीस वर्षांत त्या कासवाने पूल काही ओलांडला नाही.

घरी आली की तिच्या केसांना गोडसर वास यायचा. ती आधी डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच मला जवळ घ्यायची. तिला स्वतःचं मूल हवं होतं. दोनदा दिवस राहिले, दोन्हीदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. त्या वेळच्या ऑपरेशन थिएटरमध्ये यंत्रातून सुटणारा भुलीचा वायू बाहेर नेणारी नळीच नव्हती. त्यामुळेच असं झालं का, हे कुणालाच ठामपणे सांगता आलं नाही. पुढे मावशीने विचारणंही सोडलं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक विणलेलं टोपडं तेवढं राहिलं.

मग तिच्या हाताखालच्या डॉक्टर मुलीला दिवस राहिले, आणि त्याच आठवड्यात नव्या थिएटरची नळी तुटली.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, बाई," सर्जन म्हणाले. "तुम्ही वर्षानुवर्षं नळीशिवायच काम केलंत की."

"केलं. हिला मी आत पाठवणार नाही. आणि आजचं एकही ऑपरेशन तातडीचं नाही. नळी बसेपर्यंत पुढे ढकला."

"आई-बापांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा. शिव्या खायची सवय आहे मला."

"मॅडम, माझ्यामुळे उगाच..." ती मुलगी पुटपुटली.

"तू गप्प बसून डबा खा."

तिसऱ्या दिवशी नळी बसली.

ती डॉक्टर परवा लेकीला घेऊन घरी आली. लेक आता चार वर्षांची आहे. आल्या आल्या मावशीच्या मांडीवर चढून बसली. कासव निघालं, पुलाजवळ आलं. मावशी सवयीने थांबली. पोर टक्क जागी.

"पुढे?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. पुढचं तिला येतच नव्हतं.

"पुढे... जरा दमलंय ते," ती म्हणाली. "बसलंय पुलाजवळ."

"किती वेळ?"

मावशी पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

त्या दोघी निघताना दारात मावशीने डॉक्टरला विचारलं, "हिला परत कधी आणशील?"

"रविवारी आणू?"

"आण. तोवर पुढचं जुळवून ठेवते."