दादाच्या घड्याळाचे ठोके

हे काळाच्या स्वामी, तुझ्या घड्याळाला कोणी चावी देत नाही, तरी सूर्य मागे पडत नाही आणि चंद्र पुढे धावत नाही. आमच्या छातीतले यंत्र तू एकदाच सुरू करतोस, झाकण न उघडता आयुष्यभर चालवतोस. त्या तुला आधी नमस्कार, आणि मग तुझ्याच एका अस्वस्थ लेकराची ही कथा.

लोक त्यांना घड्याळनाना म्हणत. पोटाचा उद्योग कवळ्या बनवण्याचा. दवाखान्यामागच्या खोलीत प्लॅस्टरचे साचे मांडून ते दिवसभर दात घासत, आणि घरी येताच डोळ्याला भिंग लावून जुन्या मनगटी घड्याळांपुढे बसत. रोज सकाळी एकेकाला चावी देत. सगळी घड्याळे टिकटिकत, एक सोडून. ते पत्नीचे होते. तिच्या लग्नात तिच्या थोरल्या भावाने स्वतःच्या मनगटावरून काढून तिच्या हातात बांधलेले. पुढे दादा गेला, आणि काही दिवसांनी घड्याळाची स्प्रिंगही तुटली.

"करतो की," नाना म्हणत.

"जगाची करता, घरचं तेवढं उद्या," ती म्हणे. मग घड्याळ कानाशी धरून हलकेच हलवी. आतले बॅलन्सचे चाक डुले, दोनचार ठोके पडत, पुन्हा शांत. ती समाधानाने ते डबीत ठेवी.

अशात जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि चष्म्याच्या काड्यांच्या ढिगात, नानांना काळ्या डायलचे एक घड्याळ दिसले. जन्मभर शोधलेले! कंपनी तीच, यंत्रही दादाच्या घड्याळातलेच. डायल मात्र लाखात एक. घरी येऊन उघडले. स्प्रिंग ठणठणीत, पण बॅलन्सच्या चाकाची आस मोडलेली. सुटे भाग कोठे मिळेनात. नानांनी दुकानामागून दुकान पालथे घातले. जेवताना घास हातात राही. एकदा दाढ इतकी घासली की डॉक्टर ओरडले, "नाना, ही कवळी लावून पेशंट नुसता हसेल, चावणार कधी?"

आणि एका दुपारी, पत्नी बाजारात गेली असता, त्यांची नजर त्या डबीवर गेली. मन म्हणाले, तसेही बंदच आहे. मन असेच म्हणते हो! चोरीला ते कधी चोरी म्हणत नाही, तात्पुरते म्हणते. चिमट्याने चाक निघाले, काळ्या घड्याळात बसले, आणि ते असे चालू लागले की नानांचे डोळे भरून आले.

पण त्या क्षणापासून त्यांना बसवेना. पंख्याच्या घरघरीत, नळाच्या थेंबात त्यांना तेच ठोके ऐकू येत. पत्नीने कपाट उघडले की यांचा हात भिंगावरून घसरे.

शनिवारी ती म्हणाली, "उद्या भाचीकडे जाऊ. तिची तान्ही, दादाची नात, बघायची आहे. दादाचं घड्याळ घालते."

"बंद आहे ना ते. दुसरं घाल. चालू."

"वेळ बघायला कुठे घालतेय?" तिने डबी उघडली. घड्याळ कानाशी धरले, हलवले. पुन्हा हलवले. खिडकी लावून घेतली, आणि तिसऱ्यांदा हलवले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हा बोलत का नाही?"

नानांनी टेबलावरच्या काळ्या घड्याळाकडे पाहिले, आणि तिला कळले.

"दुसरीकडे चोर खिडकीतून येतो," ती म्हणाली. "आमच्याकडे ताट वाढून बोलावते मी त्याला!"

"अगं, तात्पुरतं..."

"गेलेल्या माणसाचा उरलासुरला आवाज होता तो. माझं मला परत द्या. दुसरं काही नको."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी आपटली नाहीत. नानांना तेच अधिक लागले.

त्यांनी काळे घड्याळ उघडले. चाक परत दिले की मागणी पूर्ण होत होती. स्प्रिंग राखता येत होती. कधी कोठे दुसरे चाक मिळाले तर! चिमटा तिथे थबकला. बोट एकदा त्या डायलच्या काचेवरून फिरले. मग त्यांनी स्प्रिंगही काढली. दादाचे घड्याळ धुतले, तेलाचा कण सोडला, दोन्ही भाग बसवले, चावी दिली.

तिने कानाशी धरले. हलवायला हात उचलला, आणि तसाच थांबवला. हलवावे लागलेच नाही.

"स्प्रिंगपण घातलीत? मग तुमच्या काळ्याचं काय राहिलं?"

"रूप राहिलं. बघायला."

"अजून राग गेलेला नाही माझा," ती म्हणाली. पण घड्याळ कानापासून दूर केले नाही.

रविवारी नाना कपाटासमोर घुटमळत होते. हात काळ्या घड्याळाच्या चावीकडे जाई, मागे येई. दारातून हाक आली, "चला हो, माझ्या घड्याळात दहा वाजले!" इतक्या वर्षांत त्या घरात तिने वेळ सांगितली ती पहिल्यांदा. नाना चपला उलटसुलट घालून धावले.

देवा, त्या धावणाऱ्या पावलांना सांभाळ. त्यांच्या हाताला स्थैर्य दे, मनाला थोडी उसंत दे. ती माउली रागावो आणि विरघळो, त्या घरात चावी देणारा हात आणि ऐकणारा कान जोडीने नांदोत, आणि भाचीच्या त्या तान्ह्या लेकीच्या मुठीत तुझा काळ सुखाचा होवो.