पहिलं गिऱ्हाईक

दुकानाच्या पायरीशी आली की आक्का थांबायची. पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "आधी दुसरं कुनी जाऊ दे. बोहनी हुऊ दे त्याची." एखादं गिऱ्हाईक पुडकं घेऊन बाहेर पडलं की मगच ती आत शिरायची. अशा बायका तुम्हीही बाजारात पाहिल्या असतील. त्या का थांबतात हे आपण विचारत नाही.

ही बाहत्तर-त्र्याहत्तर सालातली गोष्ट. लग्न होऊन मी अकोल्याकडच्या डोंगरातल्या खेड्यातून नगरला आले होते. आक्का शेजारच्या खोलीत एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, शिवणकामावर भागत होतं. माझ्या नवऱ्याला कचेरीतून सवड नसे, म्हणून मला नगर दाखवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं.

कापड बाजार, मोची गल्ली, दाळमंडई असं आम्ही भटकायचो. घ्यायचं असायचं दोऱ्याचं रीळ, पण आक्का दुकानदाराला ताग्यांवर तागे उलगडायला लावायची. कापड चिमटीत धरून नाक मुरडायची, "हे धुतल्यावर चाळण हुईल बघ," असं त्याच्या तोंडावर सांगायची, आणि वर त्याच्या घरच्यांची खुशाली विचारायची. मग हॉटेलातल्या फॅमिली रूममध्ये भजी. चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायचा आणि पडदा बोटभर सरकवून बाहेर कोण कुणाबरोबर आलंय ते बघायचं. त्या पडद्यामागे बसून मी पहिल्यांदा नगरात पोटभर हसले.

परतताना टांगा. त्यातही दुसरी सवारी चढल्याशिवाय आक्का पाय ठेवायची नाही. एस.टी.त मात्र सगळ्यांच्या आधी घुसायची, खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायची. "ही सरकारची," म्हणायची, "हिला कसली आलीय बोहनी?" दुकानाशी थांबणं ही भाव पाडायची युक्ती असावी असं मला वाटे. आमच्या गावात दुकान एकच, तिथं सकाळी पहिलं कोण आलं हे कुणी बघत नसे.

माझ्या डोहाळजेवणासाठी हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. आम्ही लवकर निघालो, कासारानं दुकान नुकतंच उघडलं होतं. आक्का थांबली. माझे पाय भरून आले होते. आज आपणच पहिलं गिऱ्हाईक होऊ, असं हसत म्हणून मी पायरी चढायला गेले. पायरी उंच होती, माझा तोल गेला. मला सावरायला आक्का पुढं झाली आणि तिचाच पाय आधी दुकानात पडला.

कासार रागावला नाही. त्यानं उघडलेली पेटी मिटली, आम्हाला बाकावर बसायला सांगितलं आणि रस्त्यानं चाललेल्या एका कुंकू लावलेल्या बाईला आत बोलावलं. तिला पिना विकल्या, पैसे डोळ्यांना लावले, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. मग माझ्याकडे वळून हसत हात पुढं करायला सांगितला. सगळं इतकं गोडीगुलाबीनं चाललं होतं की भांडायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "चुकलं माझं, भाऊ. पोटुशी पोर पडत हुती, म्हनून धरायला गेले."

माझ्या हातात बांगड्या चढत होत्या आणि कान तापले होते. इतके दिवस ती कशासाठी थांबत होती ते मला तेव्हा कळलं. माफी तिनं मागितली आणि कासारानं मान हलवून ती घेतलीसुद्धा, याची मला भयंकर लाज वाटत होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, या बांगड्या त्याच्या दुकानात फेकून येते. आक्कानं माझी मनगटं घट्ट धरली. ती घाबरली होती.

"असलं काय करू नको," ती म्हणाली. "मला परत त्याच गल्लीत जायचंय. उद्या त्यांनी तोंड फिरवलं, तर मी जाऊ कुठं? बाजार हाय म्हनून माझा दिस जातो."

बांगड्या हातातच राहिल्या.

बाळंतपण नगरलाच झालं, मुलगी झाली. बारशाची सगळी खरेदी आक्कानंच केली. घुगऱ्यांचे हरभरे तिनं निवडून आणले, झबलं स्वतः शिवलं. पाळण्यात घालायच्या आधी मुलीला तिच्या मांडीवर द्यायचं, असं मी मनात ठरवलं होतं. बारशासाठी आलेल्या सासूबाईंना ते कसं सांगावं, याची जुळवाजुळव चालली होती.

बारशाच्या सकाळी आक्काच्या दाराला कुलूप होतं. झबलं आमच्या कडीला पिशवीत अडकवलेलं होतं. नळावरच्या बायकांनी सांगितलं की ती भल्या पहाटे पारनेरला भावाकडे गेली.

सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. "शहानी बाई हाय," त्या म्हणाल्या. "सांगायची पाळी आनली न्हाई कुनावर."

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. मी खाली मान घालून मुलीला झबलं घालत राहिले. बारशाला ये, असं मी आक्काला तोंडानं सांगितलंच नव्हतं.